फळातून रक्तापर्यंत

इंडोनेशियातल्या पश्चिम जावाच्या खेड्यांमध्ये 1990 च्या दशकात एक प्रयोग झाला. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आणि रक्त कमी असलेल्या सुमारे पावणेदोनशे बायकांचे तीन गट केले. पहिल्या गटाला रोज तेलात परतलेली हिरवी पालेभाजी मिळायची. दुसऱ्या गटाला बीटा-कॅरोटिन मिसळलेलं वेफर आणि तिसऱ्या गटाला तसंच दिसणारं, पण काही न मिसळलेलं वेफर मिळायचं. भाजीतलं आणि वेफरमधलं बीटा-कॅरोटिन मोजूनमापून सारखं ठेवलं होतं, रोज 3.5 मिलिग्रॅम. 12 आठवड्यांनी रक्त तपासलं. वेफर खाणाऱ्या बायकांच्या रक्तातलं अ जीवनसत्त्व वाढलं होतं. भाजी खाणाऱ्यांच्या रक्तात मात्र जवळजवळ काहीच फरक नव्हता. सास्किया डे पे, क्लाइव्ह वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध 1995 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि आहारतज्ज्ञांना आपले तक्ते पुन्हा तपासायला बसावं लागलं.

त्या तक्त्यांमध्ये कोणत्या पदार्थात काय किती आहे हे लिहिलेलं असतं. पदार्थाच्या पाकिटावरही तेच असतं आणि आरोग्याच्या सदरांतही तेच: अमुक फळात तमुक इतके मिलिग्रॅम. पण ताटात किती आहे आणि रक्तात किती पोचलं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातही पोचलेला पदार्थ पुष्कळदा आपण खाल्लेला पदार्थ राहिलेलाच नसतो. वाटेत त्याचं काहीतरी दुसरंच झालेलं असतं. फळांच्या गुणांविषयी आपण जे काही बोलतो, ते या वाटेची माहिती घेतल्याशिवाय अर्धवटच राहतं.

जावाच्याच अभ्यासगटाने पुढे पश्चिम जावातल्या शाळकरी मुलांवर आणखी एक प्रयोग केला आणि त्यात पालेभाजीच्या शेजारी नारिंगी गराची फळं ठेवली. त्याचा निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाला. शरीरात 1 मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व तयार व्हायला पालेभाजीतलं 26 मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिन लागत होतं, तर फळांमधलं 12 पुरत होतं. त्याआधी कित्येक दशकं जगभर 6 हा आकडा धरून हिशेब चालत असे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2001 साली आहारातल्या बीटा-कॅरोटिनसाठी 12 हा आकडा स्वीकारला. एका आकड्याच्या बदलाने कागदावर पुरेसा दिसणारा लाखो लोकांचा आहार निम्म्यावर आला.

फळ आणि पान यांत असा फरक का पडावा? रेणू तर तोच आहे. फरक आहे तो पेशीत तो कसा ठेवला आहे, यात. पानात बीटा-कॅरोटिन हरितलवकांच्या आत, प्रकाश पकडणाऱ्या प्रथिनांना घट्ट बांधलेलं असतं. पानाच्या दृष्टीने ते कामावरचं द्रव्य आहे आणि ते सुटून चालणारच नाही. गाजरात तेच द्रव्य स्फटिकांच्या रूपात साठतं, आणि अन्न आतड्यातून जेवढा वेळ प्रवास करतं तेवढ्यात हे स्फटिक पुरते विरघळत नाहीत. आंबा किंवा पपई पिकते तेव्हा हरितलवकांची रंगीत लवकं होतात आणि त्यांतलं बीटा-कॅरोटिन अतिसूक्ष्म तैलबिंदूंमध्ये, जवळपास विरघळलेल्या अवस्थेत असतं. शिवाय पिकताना पेशींच्या भिंती सैल पडतात, गर मऊ होतो. प्राण्यांनी खावं आणि बी दूर न्यावं म्हणूनच फळ पिकतं. पानाचा तसा काही हेतू नाही. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना पपई, टोमॅटो आणि गाजर खायला देऊन रक्त तपासलं. पपईतलं बीटा-कॅरोटिन बाकी दोघांच्या साधारण तिप्पट शोषलं गेलं होतं.

पण तैलबिंदूतून बाहेर पडणं ही पहिली पायरी. बीटा-कॅरोटिन पाण्यात विरघळत नाही आणि लहान आतड्यातला सगळा व्यवहार पाण्यात चालतो. ही अडचण पित्त सोडवतं. जेवणात स्निग्ध पदार्थ आले की पित्ताशय आकुंचन पावतं, पित्त आतड्यात उतरतं आणि पित्तक्षार, पचलेली चरबी व कॅरोटिन यांचे मिळून अतिसूक्ष्म पुंजके तयार होतात. त्या पुंजक्यांत बसूनच कॅरोटिन आतड्याच्या पेशींपर्यंत जातं. जेवणात तेल-तूप नसेल तर पुंजकेच पुरेसे होत नाहीत. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 साली हे फार स्पष्टपणे दाखवलं. पालक, गाजर, टोमॅटो यांचं तेच सॅलड एकदा तेल अजिबात नसलेल्या ड्रेसिंगबरोबर दिलं आणि एकदा तेल असलेल्या. पहिल्या वेळी रक्तात कॅरोटिनॉइड्स, म्हणजे बीटा-कॅरोटिनच्या कुळातली द्रव्यं, जवळजवळ सापडलीच नाहीत.

पिकलेल्या आंब्याच्या 100 ग्रॅम गरात स्निग्धांश अर्धा ग्रॅमसुद्धा नसतो. म्हणून आमरसात तुपाची धार सोडण्याची आपल्याकडची रीत मला फार मोलाची वाटते. ती पाडणाऱ्यांनी कॅरोटिनचा विचार केला नव्हता. रस बाधू नये, नीट पचावा, चवीला लागावा म्हणून तूप आलं, तशीच सुंठ आणि मिरपूड आली. पण बीटा-कॅरोटिन शोषलं जायला जेवणात 3 ते 5 ग्रॅम स्निग्ध पदार्थ पुरतात, आणि तेवढं काम चमचाभर तूप सहज करतं. रसाबरोबर पुरी असेल तर तिच्यातलं तेलही हेच करतं. आमरसाची वाटी जेवणात असते हेच मुळात तिच्या फायद्याचं आहे. सकाळी उपाशीपोटी नुसता आंबा कापून खाणाऱ्याला गोडी तीच मिळते, कॅरोटिन मात्र कमी.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत (सीएफटीआरआय) 2007 साली आंब्याच्या सहा आणि पपईच्या दोन जातींची याच दृष्टीने तपासणी झाली. तिथे प्रयोगनळीत पचनाची नक्कल केली होती, त्यामुळे आकडे माणसाच्या रक्तातले नाहीत हे लक्षात ठेवायला हवं. बदामी, म्हणजे कर्नाटकात पिकणारा हापूस, बीटा-कॅरोटिनच्या प्रमाणात सगळ्यांत पुढे होता. पण त्यातला सुटा होणारा वाटा साधारण चौथाईच भरला. रसपुरी आंब्यात मुळात कॅरोटिन कमी, पण सुटा होणारा वाटा 39 टक्क्यांच्या आसपास. दूध मिसळल्यावर बहुतेक जातींमध्ये हा वाटा वाढला. एकाच फळाच्या जातीजातींत इतका फरक असेल, तर ‘आंब्यात किती’ हा प्रश्न एका आकड्याने सुटणार नाही हे उघड आहे.

पेशीच्या आत शिरलेल्या बीटा-कॅरोटिनचं पुढे काय होतं, हा सगळ्या प्रवासातला मला सर्वाधिक विचारी भाग वाटतो. आतड्याच्या पेशीत एक विकर असतं. ते या लांबट रेणूला बरोबर मधोमध कापतं आणि त्यातून अ जीवनसत्त्वाचं रूप तयार होतं. शरीरात अ जीवनसत्त्व पुरेसं असेल तर त्याचाच एक संदेश पेशीच्या केंद्रकात जातो आणि दोन गोष्टी एकदम मंदावतात: कॅरोटिन आत घेणारं प्रथिन आणि ते कापणारं विकर. गरज असेल तेव्हा दोन्ही पुन्हा वाढतात. म्हणूनच मे महिनाभर आंबे खाऊन अ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. प्राण्यांचं यकृत किंवा तयार जीवनसत्त्वाच्या गोळ्या अति घेतल्या तर मात्र होऊ शकते. न कापलेलं कॅरोटिन चरबीच्या थेंबांबरोबर लसिकावाहिन्यांत जातं, छातीतून वर चढून मानेच्या डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत उतरतं आणि मग शरीरभर फिरून त्वचेखालच्या चरबीत मुरतं. फार आंबे, पपया किंवा गाजरं खाणाऱ्या लहान मुलांचे तळहात पिवळसर दिसतात ते यामुळे. त्यात डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो, कावीळ असेल तर तोही पिवळा होतो. एवढी खूण माहीत असली तरी पुष्कळ आईवडिलांची घाबरगुंडी टळेल. कापणारं विकर सगळ्यांत सारखं काम करत नाही हेही आता कळलं आहे. त्याच्या जनुकात काही ठिकाणी बदल असलेल्या माणसांत कॅरोटिनचं रूपांतर बरंच कमी होतं, आणि असे बदल दुर्मिळ नाहीत.

या नियंत्रणाला वळसा घातला की काय होतं, ते फिनलंडमध्ये दिसलं. फळंभाज्या जास्त खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटिनही जास्त असतं, तेव्हा तेच द्यावं असा विचार होता. धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर चाचणी झाली. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिनची गोळी दिली. त्यांच्या रक्तातली पातळी दहापटीहून जास्त वाढली. 1994 साली निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक निघाला. फळातलं द्रव्य आणि बाटलीतलं द्रव्य रसायनशास्त्राच्या पुस्तकात एक असेल, शरीराला ते एक वाटत नाही.

क जीवनसत्त्वाची तऱ्हा याहून सोपी. ते पाण्यात विरघळतं आणि शरीराला ते हवंच असतं, त्यामुळे आतड्याच्या पेशींवर त्याच्यासाठी खास वाहक प्रथिनं आहेत. पण या वाहकांनाही मर्यादा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क लेव्हिन यांनी 7 निरोगी तरुणांना रुग्णालयात ठेवून मोजमापं केली. 1996 साली ती प्रसिद्ध झाली. एका वेळी 200 मिलिग्रॅम दिलं तर जवळपास सगळं शोषलं जातं. 1250 मिलिग्रॅम दिलं तर निम्मंही नाही, आणि शोषलेल्यातलंही पुष्कळसं लघवीवाटे निघून जातं. एक मध्यम पेरू साधारण 200 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व देतो. म्हणजे शरीर एका वेळी जेवढं घेऊ शकतं, तेवढं त्यात असतंच. शिवाय हे जीवनसत्त्व आतड्यात असतानाच आणखी एक काम करतं: धान्य-भाजीतल्या लोहाला शोषायला सोप्या रूपात आणतं. पोह्यांवर लिंबू पिळण्याला अर्थ आहे, आणि जेवणाला लागून चहा पिणं टाळण्यालाही. चहातली टॅनिन्स याच्या नेमकी उलट वागतात.

आता वळू फळांच्या त्या द्रव्यांकडे, ज्यांची सध्या सर्वाधिक चर्चा आहे आणि ज्यांच्याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. जांभळाने जीभ रंगते तो रंग, संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या थरातलं हेस्पेरिडिन, कच्च्या पेरूचा तुरटपणा, हे सगळं पॉलिफेनॉल या मोठ्या कुळातलं. क जीवनसत्त्वाच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं आणि ज्यांना 1937 साली नोबेल मिळालं, त्या हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी आदल्याच वर्षी यांतल्या एका गटाला ‘पी जीवनसत्त्व’ म्हणून पुढे आणलं होतं. लिंबू आणि मिरचीच्या अर्काने रक्तवाहिन्यांच्या भिंती सुधारतात असं त्यांना दिसलं होतं. पण जीवनसत्त्वाची कसोटी कडक असते: ते मिळालं नाही तर ठरावीक आजार व्हायला हवा. पॉलिफेनॉल्सच्या अभावाने तसा आजार होत नाही, त्यामुळे पुढे ते नाव मागे पडलं. शरीराने ही द्रव्यं घेण्यासाठी स्वतंत्र वाहक बाळगलेले नाहीत, आणि पुढची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

वनस्पतीत या द्रव्यांना बहुधा साखरेचा एखादा रेणू जोडलेला असतो. पूर्वी समज असा होता की साखर जोडलेली असेपर्यंत ती शोषली जाणारच नाहीत. नेदरलंड्समध्ये पीटर हॉलमन यांनी 1995 साली वेगळ्या पद्धतीने हे तपासलं. शस्त्रक्रिया करून मोठं आतडं काढलेल्या 9 स्वयंसेवकांवर त्यांनी प्रयोग केला, म्हणजे लहान आतड्यातून किती शोषलं गेलं ते थेट मोजता येईल. कांद्यातलं क्वेर्सेटिन 52 टक्के शोषलं गेलं. त्यालाच दुसरी साखर जोडलेलं रूटिन मात्र 17 टक्के. साखर अडथळा नव्हती, उलट कोणती साखर यावर सगळं अवलंबून होतं. ग्लुकोज जोडलेलं असेल तर ते तोडणारं विकर लहान आतड्याच्या काठावरच असतं, आणि हे विकर म्हणजे दुधातली साखर पचवणारं लॅक्टेजच. बाळाने आईचं दूध पचवावं म्हणून शरीराने ठेवलेलं विकर कांद्याच्या आणि फळांच्या द्रव्यांनाही आत घेतं, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

साखर सुटली आणि रेणू पेशीत शिरला, तरी तो तसाच रक्तात जात नाही. शरीर त्याला परकं रसायन समजतं. आतड्याच्या भिंतीत आणि मग यकृतात त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलं जातं, पाण्यात विरघळेल आणि लघवीतून निघून जाईल असं त्याचं रूप केलं जातं. आपण तापासाठी पॅरासिटामॉल घेतो तेव्हा शरीर त्या औषधालाही हीच वागणूक देतं. काही रेणूंना तर आतड्याच्या पेशीच उलट्या पंपाने पुन्हा आतड्यात ढकलून देतात.

जांभळ, करवंद, काळी द्राक्षं, कोकम यांना रंग देणाऱ्या अँथोसायनिन्सबद्दल बराच काळ असं मानलं जाई की त्यांतलं 1 टक्काही शोषलं जात नाही, कारण रक्तात आणि लघवीत तो मूळ रंग फारसा सापडतच नसे. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2013 साली या समजाला छेद दिला. त्यांनी अँथोसायनिनच्या रेणूतच कार्बनचा एक जड, पण किरणोत्सारी नसलेला प्रकार बसवला, म्हणजे रेणूचे कितीही तुकडे झाले तरी ओळख पुसली जाणार नाही. 8 पुरुषांना प्रत्येकी 500 मिलिग्रॅम दिलं आणि रक्त, लघवी, विष्ठा, एवढंच काय, श्वाससुद्धा तपासला. सुमारे 12 टक्के कार्बन शरीराने घेतल्याचं दिसलं. त्यातला काही उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडत होता. मूळ रंग लवकर नाहीसा झाला, पण त्याच्या तुकड्यांची रक्तातली पातळी साधारण 10 तासांनी सर्वोच्च होती, आणि ते तुकडे दोन दिवसांपर्यंत सापडत राहिले. आधीचे संशोधक चुकीच्या रेणूचा शोध घेत होते. जांभूळ पोटात गेल्यावर जांभळं राहत नाही, हे लक्षात आल्यावर मोजमापच बदललं.

म्हणूनच ‘अँटीऑक्सिडंट’ या बिरुदाकडे मी सावधपणे पाहतो. प्रयोगनळीत सफरचंदाचा किंवा जांभळाचा रस मुक्त मूलकांना झटपट शमवतो, हे खरं आहे. पण रक्तात पॉलिफेनॉल्सची पातळी फार कमी असते. त्यांच्या शेजारी यूरिक आम्ल आणि क जीवनसत्त्व कितीतरी पटींनी जास्त. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये लोटिटो आणि फ्राय यांनी 2004 साली दाखवलं, की सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटीऑक्सिडंट क्षमता खरंच वाढते. पण ती वाढते फळातल्या फ्रुक्टोजमुळे यूरिक आम्ल तात्पुरतं चढतं म्हणून, पॉलिफेनॉल्समुळे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रयोगनळीतल्या अशा क्षमतेची पदार्थवार यादी संकेतस्थळावर ठेवली होती, तीही 2012 साली काढून घेतली. फळांचा फायदा खोटा आहे असा याचा अर्थ नाही. ही द्रव्यं रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींना, यकृतातल्या विकरांना काही संदेश देतात आणि फायदा बहुधा तिथून होतो. कमी प्रमाणात आलेला संदेशही संदेशच असतो.

कोणतं फळ कशाबरोबर खाल्लं, याचाही परिणाम होतो. कापलेलं केळं किंवा सफरचंद काळं पडतं ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे. कॅलिफोर्निया आणि रेडिंग इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी 2023 साली केळं घालून केलेल्या स्मूदीचा अभ्यास केला. त्याच मात्रेची कॅप्सूल घेतल्यावर रक्तात फ्लॅव्हनॉल्स या पॉलिफेनॉल कुळातल्याच द्रव्यांची जेवढी सर्वोच्च पातळी आली, त्यापेक्षा केळ्याच्या स्मूदीने आलेली पातळी 84 टक्क्यांनी कमी होती. केळ्याचं हे विकर पोटात गेल्यावरही काही वेळ काम करत राहतं. केळं वाईट आहे असं कुणी समजू नये; जांभूळ किंवा द्राक्षं मुद्दाम या द्रव्यांसाठी खायची असतील तर ती केळ्याबरोबर मिक्सरमधून फिरवू नयेत, इतकंच.

संत्र्यातलं हेस्पेरिडिन हे उशिरा पोचणारं द्रव्य. त्याला जोडलेली साखर दुहेरी असते आणि ती तोडणारं विकर आपल्या लहान आतड्यात नाहीच. त्यामुळे हेस्पेरिडिन तसंच पुढे सरकत मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू ती साखर तोडतात आणि मग ते शोषलं जातं. संत्रं खाल्ल्यानंतर पाच-सात तासांनी रक्तातली त्याची पातळी सर्वाधिक होते. नागपूरचं संत्रं सोलताना फोडीवरच्या पांढऱ्या शिरा आपण निगुतीने काढून टाकतो. हेस्पेरिडिन सर्वाधिक असतं ते त्या शिरांमध्ये आणि फोडीच्या पापुद्र्यात.

लिंबाच्याच कुळातलं ग्रेपफ्रूट मात्र गंभीर इशारा देणारं आहे. कॅनडातल्या लंडन शहरात डेव्हिड बेली रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर मद्याचा परिणाम तपासत होते आणि मद्याची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. रक्तातली औषधाची पातळी अनपेक्षितपणे चढली, आणि ती मद्यामुळे नव्हे तर रसामुळे, हे 1991 साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. आतड्याच्या भिंतीतलं एक विकर बरीच औषधं रक्तात जाण्याआधीच मोडून टाकतं. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमारिन्स त्या विकरालाच निकामी करतात आणि नवीन विकर तयार होईपर्यंत, म्हणजे दिवसभराहून अधिक काळ, परिणाम टिकतो. आपल्याकडच्या पपनसातही ही द्रव्यं असतात. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन किंवा अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन, किंवा रक्तदाबासाठी फेलोडिपिनसारखी औषधं घेणाऱ्यांनी पपनस खाण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं. नेहमीच्या संत्र्यामोसंब्याबाबत ही अडचण नाही.

डाळिंबाची गोष्ट सगळ्यांत शेवटी ठेवली, कारण ती सगळ्यांत गुंतागुंतीची आहे आणि आपल्याही जवळची. देशातलं सर्वाधिक डाळिंब महाराष्ट्रात पिकतं. सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिनचा; पण डाळिंबाची खरी ओळख असलेलं द्रव्य प्युनिकॅलाजिन. ते दाण्यांपेक्षा सालीत आणि दाण्यांमधल्या पिवळट पडद्यांत कितीतरी जास्त असतं. आयुर्वेदात अतिसारावर डाळिंबाची साल वापरतात. तिचा तुरटपणा याच टॅनिन्सचा. सबंध फळ दाबून काढलेल्या बाजारी रसात सालीतलं बरंच प्युनिकॅलाजिन उतरतं; घरी नुसते दाणे सोलून खाल्ले तर कमी.

प्युनिकॅलाजिनचा रेणू इतका मोठा आहे की तो आतड्याच्या भिंतीतून जाऊच शकत नाही. पोटात आणि लहान आतड्यात त्याचे तुकडे होऊन एलॅजिक आम्ल सुटतं. पण हे आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे त्यातलंही फार थोडं रक्तात जातं. उरलेलं मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथे जिवाणू त्याच्यावर काम सुरू करतात. एलॅजिक आम्लाच्या चार कड्यांपैकी एक कडं उघडतं, मग एकामागून एक ऑक्सिजनयुक्त गट काढले जातात आणि शेवटी युरोलिथिन नावाचे छोटे रेणू तयार होतात. हे रेणू सहज शोषले जातात. डाळिंब खाल्ल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तात आणि लघवीत त्यांची पातळी भरात असते. डाळिंबात युरोलिथिन नसतं. ते खाणाऱ्याच्या आतड्यात बनतं.

या क्षेत्रातलं पायाभूत काम स्पेनमधल्या मुर्सिया इथल्या संस्थेत फ्रान्सिस्को तोमास-बार्बेरान यांच्या गटाने केलं. एकाच डाळिंबाचा रस वेगवेगळ्या माणसांना दिला तर लघवीत सापडणारी युरोलिथिन्स इतकी वेगळी होती की माणसांचे तीन प्रकार पाडावे लागले. एका प्रकारात फक्त युरोलिथिन ए बनतं. दुसऱ्या प्रकारात त्याबरोबर आयसोयुरोलिथिन ए आणि युरोलिथिन बी असतं. तिसऱ्यात काहीच बनत नाही. तिसऱ्या प्रकारातली माणसं साधारण दहांत एक. कितीही डाळिंबं खाल्ली तरी या माणसांच्या रक्तात युरोलिथिन येत नाही, कारण त्यांच्या आतड्यात ते बनवणारे जिवाणूच नसतात. 2014 साली याच गटाने यातल्या सुरुवातीच्या पायऱ्या पार पाडणारा एक जिवाणू वेगळा काढून त्याला नाव दिलं, गॉर्डोनिबॅक्टर युरोलिथिनफेशियन्स. कुणाचा प्रकार कोणता, हे चवीवरून, वयावरून किंवा तब्येतीवरून ओळखता येत नाही. डाळिंब किंवा अक्रोड काही दिवस खायला देऊन लघवी तपासली तरच कळतं.

युरोलिथिन एवर इतकं लक्ष का एकवटलं, त्याला कारण आहे. 2016 साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या गटाने ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवलं, की हे द्रव्य दिलेले सूक्ष्म कृमी जास्त जगतात आणि म्हाताऱ्या उंदरांची धावण्याची क्षमता वाढते. पेशीतल्या जुन्या, बिघडलेल्या तंतुकणिका मोडून काढण्याची प्रक्रिया त्याने वेग घेते. माणसांवरचे निकाल अधिक संमिश्र आहेत. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 65 वर्षांवरील माणसांना चार महिने रोज 1000 मिलिग्रॅम युरोलिथिन ए दिलं. सहा मिनिटांत चालून जाण्याचं अंतर हे मुख्य मोजमाप होतं, त्यात ठळक फरक पडला नाही. हातापायांच्या स्नायूंची चिकाटी मात्र वाढलेली दिसली. ही चाचणी तयार द्रव्याची होती, डाळिंबाची नव्हे, हे डाळिंबाच्या रसाच्या जाहिराती वाचताना विसरता कामा नये.

दहांतल्या त्या एका माणसाचं काय, यावर मुर्सियात काम चालू आहे. तिथल्या संशोधकांनी वेगवेगळ्या पायऱ्या करणारे जिवाणू एकत्र करून ते उंदरांच्या जातीतल्या प्रयोगप्राण्यांना दिले. त्या प्राण्यांमध्ये आधी न बनणारी युरोलिथिन्स बनू लागली. जो जिवाणू कडं उघडतो तोच शेवटचा गटही काढतो असं नाही. एकाने अर्धं काम करून ठेवायचं आणि दुसऱ्याने ते पुरं करायचं, अशी त्यांची विभागणी आहे. हेच जिवाणू माणसाच्या आतड्यात टिकून राहतील का आणि डाळिंब खाल्ल्यावर तिथेही तसंच काम करतील का, हे माणसांवरच्या चाचण्यांनीच ठरेल.